गाठ काढायची, पण सांधा राखायचा

एप्रिल महिन्यात निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून खरड छाटणी चालू असते. फळ उतरवून झाले की वेलीच्या जुन्या काड्या ओलांड्यापर्यंत छाटून टाकतात. मात्र प्रत्येक काडीच्या बुडाशी एक डोळा राखतात. थोड्याच दिवसांत त्या एका डोळ्यातून नवी फूट येते आणि उघडीबोडकी बाग पुन्हा हिरवी होते. बागाइतदाराला तेच हवे असते.

आता अशी कल्पना करा, की छाटणाऱ्याला नवी फूट मुळीच नको आहे. एकही डोळा मागे राहता कामा नये. पण हे डोळे मोहरीच्या दाण्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे, म्हणजे नुसत्या नजरेला न दिसणारे आहेत आणि ते ओलांड्याच्या सालीत जागोजागी लपले आहेत. शिवाय ओलांड्याला धक्का लागता कामा नये, कारण त्याच्यावरच सारा वेल उभा आहे. हे काम कसे करावे?

हाडातील साध्या अर्बुदावर शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदापुढे नेमका हाच पेच असतो. गाठीची एकही पेशी उरू द्यायची नाही; पण गाठीला लागून असलेला गुडघा किंवा मनगट मात्र वाचवायचे. या पेचातून वाट काढताना त्याने वैद्यकाइतकाच पदार्थविज्ञानाचाही आधार घेतला आहे. उष्णता, थंडी, विद्युत्प्रवाह आणि भार या तुमच्या पाठ्यपुस्तकातल्याच गोष्टी तेथे कशा उपयोगी पडतात, ते आपण पाहू.

साधे म्हणजे निरुपद्रवी नव्हे

हाड म्हणजे दगडासारखी निर्जीव वस्तू, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक हाड जिवंत असते. त्यात हाड बांधणाऱ्या पेशी असतात, तशाच जुने हाड विरघळवून टाकणाऱ्या पेशीही असतात. गवंडी आणि पाडकाम करणारे मजूर एकाच इमारतीवर रात्रंदिवस राबत असावेत, तसे हे काम जन्मभर चालते. या पेशींचे वाढीचे नियमन बिघडले आणि एखाद्या जागी पेशींची बेसुमार वाढ होऊ लागली, की त्या वाढीला अर्बुद म्हणतात.

अर्बुदे दोन प्रकारची असतात. मारक अर्बुद म्हणजेच कर्करोग. त्याच्या पेशी मूळ जागा सोडून रक्तावाटे इतर अवयवांत पोहोचतात आणि तेथे ठाण मांडतात. साधे अर्बुद बहुधा आपली जागा सोडत नाही, त्यामुळे सहसा जिवावर बेतत नाही. पण 'साधे' या शब्दाने फसू नका. गुडघ्यातील हाड आतून पोखरले गेले, तर माणूस जगेल. परंतु तो चालणार कसा?

अशी काही अर्बुदे फारच विरळ आहेत. महापेशी अर्बुद हे त्यांपैकी एक. पाश्चात्त्य देशांतील नोंदींप्रमाणे दरवर्षी दहा लाख लोकांत एखाद-दुसऱ्यालाच ते होते. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६१ लाख होती. तोच दर येथे धरला, तर जिल्ह्यात वर्षाकाठी सहा ते बारा रुग्ण होतात. आशियातील काही भागांत हे अर्बुद पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळते, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा मोठाही असू शकेल. तरीसुद्धा एखाद्या गावातल्या डॉक्टरला सबंध कारकिर्दीत असा रुग्ण एकदाही भेटला नाही, तर नवल नाही. आजार ओळखायला उशीर होतो, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

रात्रीची कळ

प्रथम तुमच्या वयाच्या मुलांना होणाऱ्या एका अर्बुदाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. पाच ते पंचवीस वर्षे या वयात ते अधिक आढळते आणि मुलींपेक्षा मुलांत त्याचे प्रमाण दोन-तीन पट असते. न्यूयॉर्कमधील रोगनिदानतज्ज्ञ हेन्री जॅफी यांनी १९३५ साली त्याचे स्वतंत्र वर्णन केले.

हे अर्बुद अगदी लहान असते. त्याच्या गाभ्याचा व्यास सहसा दीड सेंटिमीटरहून कमी, म्हणजे एखाद्या हरभऱ्या-वाटाण्याएवढा. बहुतेक वेळा ते मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात असते. पण एवढीशी ही गाठ मुलाची झोप उडवते. दिवसा दुखणे बेताचे असते. रात्री मात्र हाडात खोल कळ उठते आणि मूल जागे होते. अ‍ॅस्पिरिनसारखे औषध दिले, की थोड्याच वेळात दुखणे जादूने नाहीसे व्हावे तसे थांबते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

यात जादू नाही. गाठीच्या गाभ्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने मोठ्या प्रमाणावर तयार होतात. तेथील मज्जातंतूंना तीच डिवचतात. अ‍ॅस्पिरिन या रसायनांची निर्मिती रोखते, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि प्रोस्टाग्लँडिनांवरील संशोधनाबद्दल १९८२ चे नोबेल पारितोषिक इतर दोघांसह त्यांना मिळाले. अर्थात हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. फ्ल्यू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ते देणे तर विशेष धोक्याचे असते.

हे अर्बुद माणूस जातीपेक्षाही जुने असावे. दक्षिण आफ्रिकेत मलापा येथे सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या एका मानवसदृश मुलाचे अवशेष सापडले. त्याच्या पाठीच्या एका मणक्यात साध्या अर्बुदाची खूण असल्याचे संशोधकांनी २०१६ साली जाहीर केले. ती खूण अशाच प्रकारच्या गाठीची असावी, असे त्यांचे मत आहे. दगड बनलेल्या त्या मणक्याच्या आत डोकावण्यासाठी त्यांनी प्रखर क्ष-किरणांचा उपयोग केला.

सुईच्या टोकाशी रेडिओलहरी

पूर्वी या गाठीवर उपाय एकच होता. हाड उघडायचे आणि गाठीसकट आजूबाजूचा तुकडा काढून टाकायचा. पण भरलेल्या हाडात वाटाण्याएवढा गाभा शोधणे सोपे नसे. तो निसटू नये म्हणून मोठा तुकडा काढावा लागे. मग हाड कमकुवत होई आणि मुलाला कित्येक आठवडे पायावर भार देता येत नसे.

१९९२ साली अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॅनियल रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळा मार्ग प्रसिद्ध केला. मुलाला भूल देऊन सीटी स्कॅनच्या यंत्रात झोपवतात. चित्रात गाभा नेमका कोठे आहे, ते मिलिमीटरच्या हिशेबाने दिसते. मग कातडीला छोटासा छेद देऊन हाडात बारीक छिद्र पाडतात आणि त्यातून एक सुई गाभ्यापर्यंत नेतात. टोकाचा पाच-दहा मिलिमीटर भाग सोडला, तर सुईवर सर्वत्र विद्युत्‌रोधक वेष्टन असते. मांडीवर एक रुंद धातूची पट्टी चिकटवलेली असते. सुई आणि पट्टी यांच्यामधून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला, की गाभा सुमारे ९० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. साधारण सहा मिनिटांत काम होते.

येथे तुमच्या मनात दोन शंका याव्यात.

पहिली शंका: शरीरातून वीज सोडली, तर मुलाला झटका कसा बसत नाही? याचे उत्तर कंप्रतेत आहे. आपल्या घरातील विजेची कंप्रता ५० हर्ट्झ असते. स्नायू आणि मज्जातंतू तिला प्रतिसाद देतात, म्हणून झटका बसतो. या उपचारात वापरलेल्या प्रवाहाची कंप्रता मात्र सुमारे ५ लाख हर्ट्झ, म्हणजे ५०० किलोहर्ट्झच्या आसपास असते. रेडिओवरील मध्यम लहरींचा पट्टा ५३१ किलोहर्ट्झपासून सुरू होतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही रेडिओलहरींची कंप्रता झाली. प्रवाहाची दिशा इतक्या झपाट्याने बदलते, की मज्जातंतू उद्दीपित व्हायला उसंतच मिळत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ दारसोन्व्हाल यांनी १८९१ च्या सुमारास हे प्रयोगाने दाखवले होते. मज्जातंतू स्वस्थ राहिले, तरी ऊतकातील आयन प्रवाहाबरोबर मागेपुढे हेलकावे खातात. त्यांच्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. म्हणजे तापलेली सुई आत खुपसलेली नसते. सुईभोवतालचे ऊतक स्वतःच तापते.

दुसरी शंका: मग पाय का भाजत नाही? सोयीसाठी सुईचे टोक म्हणजे एक लहान गोल समजू. त्यातून निघालेला प्रवाह सर्व दिशांना पसरतो. गोलाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून प्रवाहाची घनता त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. ज्यूलच्या नियमाप्रमाणे उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. तेव्हा दर घन मिलिमीटरमध्ये निर्माण होणारी उष्णता त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट झाले, की उष्णता सोळाव्या हिश्शावर येते. तिप्पट झाले, की एक्याऐंशीव्या हिश्शावर. प्रत्यक्षात टोक लांबट असते आणि उष्णता वहनानेही थोडी पसरते, म्हणून ही घट इतकी तीव्र राहत नाही. तरीपण भाजण्याचे क्षेत्र सुमारे एक सेंटिमीटर व्यासाच्या आतच राहते. गाठही तेवढीच असते!

पहिल्याच वेळेस दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांचे दुखणे कायमचे थांबते. मूल एक-दोन दिवसांत घरी जाऊन चालू लागते. गाठ मोठ्या मज्जातंतूला किंवा मज्जारज्जूला अगदी लागून असेल, तर मात्र हीच उष्णता घातक ठरते. अशा वेळी फार जपून निर्णय घ्यावा लागतो.

हाड पोखरणारी महापेशी

आता महापेशी अर्बुदाकडे वळू. येथे काम एका सुईने भागत नाही.

हे अर्बुद बहुधा वीस ते चाळीस या वयात, म्हणजे हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर होते. त्याची आवडती जागा म्हणजे लांब हाडाचे टोक, अगदी सांध्याला लागून. निम्म्याच्या आसपास अर्बुदे गुडघ्याजवळ असतात. त्यानंतर मनगटाजवळचे हाड येते. सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की त्यात प्रचंड पेशी दिसतात. एकेका पेशीत वीस, पन्नास, कधी शंभर केंद्रके. त्यावरूनच अर्बुदाला नाव पडले.

पण गंमत अशी, की नाव ज्यांच्यावरून पडले, त्या महापेशी खऱ्या गुन्हेगार नव्हेतच. त्यांच्या मधे विखुरलेल्या साध्या दिसणाऱ्या पेशी हे खरे अर्बुद. त्या एक रासायनिक निरोप सोडतात. तो निरोप मिळताच रक्तातून आलेल्या पेशी एकमेकींत मिसळून महापेशी बनतात आणि हाड विरघळवू लागतात. पाडकामाचे मजूर बोलावलेले आहेत. बोलावणारा मुकादम वेगळाच आहे.

ब्रिटिश शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८१८ मध्येच या गाठीचे वर्णन केले होते. त्या काळी आणि त्यानंतरही बराच काळ हात किंवा पाय कापणे हाच पुष्कळ वेळा उपाय असे. पुढे इटलीतील बोलोन्या येथील मारिओ कांपानाच्ची यांनी १९८७ मध्ये अशा अर्बुदांच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर गाठ हाडाच्या आत असते आणि बाहेरची भिंत शाबूत असते. दुसऱ्या पायरीवर भिंत पातळ होऊन फुगते. तिसऱ्या पायरीवर भिंत फोडून गाठ बाहेरच्या मांसात शिरते. आपल्याला हवी असलेली गोष्ट, म्हणजे सांधा, पहिल्या दोन पायऱ्यांवर बहुधा वाचवता येतो. तिसऱ्या पायरीवर ते कठीण होत जाते.

खरवडणे, भाजणे, गोठवणे

पहिल्या दोन पायऱ्यांवरची शस्त्रक्रिया म्हणजे खरवड. हाडाला गाठीच्या लांबी-रुंदीएवढी मोठी खिडकी पाडतात. खिडकी लहान ठेवली, तर कोपऱ्यातले काही दिसत नाही. म्हणून येथे काटकसर करायची नसते. चमच्यासारख्या धारदार हत्याराने गाठ खरवडून काढतात. मग दंतवैद्याच्या यंत्रासारखे, पण अधिक दणकट असे मिनिटाला हजारो फेरे घेणारे यंत्र पोकळीच्या भिंतीवरून फिरवतात. भिंतीतल्या सांदीकोपऱ्यांत लपलेल्या पेशी त्यामुळे निघून येतात.

तरीही एखादा 'डोळा' राहतोच. नुसत्या हातांनी खरवडलेल्या जुन्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तर शंभरांपैकी पंचवीस ते पन्नास जणांत गाठ पुन्हा उद्भवलेली दिसते. म्हणून खरवडल्यावर भिंतीचा पातळसा थर मुद्दाम मारून टाकण्याच्या युक्त्या निघाल्या.

एक युक्ती म्हणजे फिनॉल. शस्त्रक्रियेतील जंतू मारण्यासाठी लिस्टर यांनी १८६५ मध्ये वापरलेले कार्बोलिक अ‍ॅसिड ते हेच. दुसरी युक्ती द्रवरूप नायट्रोजनची. तुमच्यापैकी ग्रामीण भागातल्या मुलांनी हा द्रव जनावरांच्या दवाखान्यात पाहिला असेल. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी वळूचे वीर्य त्याच्या डब्यात साठवतात. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सियस असते. वीर्य टिकावे म्हणून तेथे फार काळजीपूर्वक गोठवलेले असते. येथे पेशी मराव्यात म्हणून तो सरळ पोकळीत ओततात. पेशीतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात, पेशीचे आवरण फाटते. न्यूयॉर्कचे राल्फ मार्कोव्ह यांनी १९६० च्या दशकात हाडाच्या गाठींसाठी हे तंत्र वापरात आणले. मात्र थंडीला गाठ आणि निरोगी हाड यांतला भेद कळत नाही. गोठलेले हाड काही महिने ठिसूळ राहते आणि मोडू शकते. जवळची कातडी व मज्जातंतूही जपावे लागतात.

कवळीचे द्रव्य, हाडाचे सिमेंट

खरवडून झाले, की लिंबाएवढी, कधी संत्र्याएवढी पोकळी उरते. ती तशीच ठेवता येत नाही. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन सुमारे ५९० न्यूटन. तेव्हा प्रत्येक पावलाला गुडघा १,५०० ते १,८०० न्यूटन सोसतो. पोकळीवरची पातळ भिंत एवढ्या भाराखाली खचेल.

पोकळी भरायला दोन द्रव्ये वापरतात. एक म्हणजे हाडच: रुग्णाच्या कमरेच्या हाडातून किंवा अस्थिपेढीतून घेतलेले. ते हळूहळू रुजते, पण त्याला कित्येक महिने लागतात. दुसरे म्हणजे हाडाचे सिमेंट. घर बांधायच्या सिमेंटशी त्याचा संबंध नाही. आजोबांची कवळी ज्या अ‍ॅक्रिलिकची असते, त्याच कुळातले हे द्रव्य. एका भांड्यात पूड आणि द्रव कालवला, की कणकेसारखा गोळा होतो. तो पोकळीत दाबून भरतात आणि दहा-पंधरा मिनिटांत तो घट्ट होतो.

घट्ट होताना तो तापतो, आणि येथेच एक लाभ पदरात पडतो. द्रवाचे रेणू साखळीसारखे जोडले जात असताना उष्णता बाहेर पडते. नेहमीच्या एका पुडक्यात सुमारे २० मिलिलिटर द्रव असतो. त्याच्यापासून साधारण १० किलोज्यूल उष्णता मिळते. १०० ग्रॅम पाण्याचे तापमान २४ अंशांनी वाढवायला ती पुरेल. हाडातील पेशी ४७ अंश तापमानात एक मिनिट राहिल्या, तरी त्यांना इजा होऊ लागते, असे स्वीडनमधील एरिक्सन व अल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये दाखवले. त्यामुळे सिमेंटला लागून असलेल्या थरातल्या उरल्यासुरल्या पेशींना या उष्णतेची झळ बसते. पोकळी भरते, आधार मिळतो आणि भिंतही शेकून निघते.

परंतु सांध्याच्या कूर्चेला ही उष्णता सोसत नाही. कूर्चा आणि पोकळी यांच्यामधे हाडाचा थर एक सेंटिमीटरहून कमी उरला असेल, तर शल्यविशारद आधी कूर्चेच्या बाजूला हाडाचा चुरा पसरतात आणि त्याखाली सिमेंट भरतात. हाड उष्णतेचे मंदवाहक आहे, म्हणून हा चुरा उष्णतेपासून संरक्षण देणाऱ्या गादीसारखा उपयोगी पडतो.

सिमेंटचा आणखी एक उपयोग पुढे होतो. त्यात बेरियम सल्फेटसारखे क्ष-किरण अडवणारे द्रव्य मिसळलेले असते, म्हणून चित्रात ते पांढरेशुभ्र दिसते. गाठ परत येऊ लागली, तर सिमेंटच्या कडेला काळसर पट्टा उमटतो व लवकर लक्षात येतो. हे सारे उपाय एकत्र केल्यावर गाठ परत येण्याचे प्रमाण पुष्कळ रुग्णालयांत शंभरांत दहा ते वीसपर्यंत खाली आले आहे.

मनगटाची गोष्ट

तिसऱ्या पायरीवर मात्र हाडाचे टोकच काढावे लागते. गुडघ्यात मग धातूचा सांधा बसवतात. तो उपयोगी खरा. पण वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या शरीरात त्याला पन्नास वर्षे काम करायचे असते. धातू झिजतो, सैल होतो, बदलावा लागतो. म्हणून स्वतःचा सांधा वाचवण्याची एवढी धडपड.

मनगटाच्या बाबतीत एक सुरेख उपाय आपल्या महाराष्ट्रातून पुढे आलेला आहे. आपल्या पुढच्या हातात, कोपरापासून मनगटापर्यंत, दोन हाडे असतात: अंगठ्याच्या बाजूचे आणि करंगळीच्या बाजूचे. महापेशी अर्बुद मनगटाजवळ होते ते अंगठ्याच्या बाजूच्या हाडात, आणि हाताचा मुख्य आधारही तेच. ते टोक काढले, की हात लोंबकळणार. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. अजय पुरी आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांत शेजारच्या हाडाचा, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या हाडाचा खालचा तुकडा कापून बाजूला सरकवला आणि रिकाम्या जागी बसवला. खुबी अशी, की तो तुकडा आपल्या स्नायूंपासून व रक्तवाहिन्यांपासून तोडला नाही. रक्तपुरवठा चालू राहिल्यामुळे तो जिवंत राहिला व दोन्ही टोकांना जुळला. हे अनुभव त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. या उपायानंतर मनगट वाकत नाही. पण हात कोपराखाली उताणा-पालथा फिरवता येतो. किल्ली फिरवणे, ताट धरणे, कात्री चालवणे अशा कामांसाठी हीच हालचाल महत्त्वाची असते.

परळचे हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे, ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

औषधाने गाठ जाईल का?

मुकादमाचा निरोपच अडवला तर? डेनोसुमॅब नावाचे औषध तेच करते. अमेरिकेत २०१३ मध्ये महापेशी अर्बुदासाठी त्याला मान्यता मिळाली. महापेशी नाहीशा होतात, दुखणे कमी होते, पोखरलेल्या जागी नवे हाडही दिसू लागते. शस्त्रक्रिया करता येणार नाही अशा जागी, उदाहरणार्थ कण्याच्या तळाशी गाठ असेल, तर हे मोठेच वरदान आहे.

मग सर्वांनाच ते का देऊ नये? कारण मजूर पळाले, तरी मुकादम मरत नाही. तो नव्या हाडाच्या कवचात दडून बसतो. खरवडणाऱ्या हाताला ते कवच निरोगी हाडासारखेच लागते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. मनीष अग्रवाल व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आपले अनुभव मांडले. औषध देऊन मग खरवडलेल्या रुग्णांत गाठ परत येण्याचे प्रमाण कमी झाले नाही. उलट जास्तच आढळले. म्हणून हे औषध कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, याचा आता फार विचार केला जातो.

वेळ का दवडू नये

पहिल्या आणि तिसऱ्या पायरीतले अंतर पुष्कळदा काही महिन्यांचे असते. हे महिने वाया जातात ते दोन कारणांनी. दुखऱ्या जागी मालिश, लेप, हाडवैद्याची पट्टी असे उपाय होत राहतात. आणि दुसरे म्हणजे भीती. 'टाटाला दाखवा' असे शब्द कानावर पडले, की घरात रडारड होते. रोगाला नाव मिळण्यापूर्वीच घरची माणसे खचतात. कित्येक जण नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडण्याऐवजी घरीच बसून राहतात. वास्तविक कर्करोगाच्या रुग्णालयात साध्या अर्बुदांवरही उपचार होतात, कारण हाडांच्या विरळ गाठी ओळखण्याचा व खरवडण्याचा सराव असलेली माणसे अशाच ठिकाणी असतात. तेथे जाणे म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. सुईने लहानसा नमुना काढून तपासल्याशिवाय गाठ कोणती, हे ठरतही नाही.

तुम्ही घरात आणि वर्गात एवढे सांगू शकता. वाढत्या मुलांचे पाय संध्याकाळी दुखतात. पण ते दुखणे बहुधा दोन्ही पायांत असते, सकाळी मूल पुन्हा उड्या मारते. याउलट एकाच पायात, एकाच ठरावीक जागी, तीन-चार आठवडे दुखत असेल, रात्री झोप मोडत असेल, सूज दिसत असेल, सांधा आखडला असेल किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल, तर मालिश बंद करून आधी क्ष-किरण चित्र काढावे. शंभरांत नव्व्याण्णव वेळा गंभीर काही निघणार नाही असे वाटले, तरी उरलेल्या एकासाठी ते काढायचे. शस्त्रक्रियेनंतरही पहिली दोन-तीन वर्षे ठरल्या वेळी तपासणी चुकवू नये, कारण गाठ परत यायची असेल तर बहुधा याच काळात येते. महापेशी अर्बुद शंभरांतील दोन-तीन रुग्णांत फुप्फुसांतही आढळते, म्हणून छातीचेही चित्र काढतात.

वर्गात करून पाहा

१. जाड कागदाच्या सारख्या आकाराच्या तीन नळ्या करा. दोन नळ्यांना मधोमध रुपयाएवढे भोक पाडा. त्यांपैकी एकीच्या भोकावर आतून चिकटपट्टी लावून नळी वाळूने गच्च भरा. तिन्ही नळ्या उभ्या ठेवून त्यांच्यावर एकेक वही ठेवत जा. कोणती नळी किती वह्यांना खचते, ते लिहून ठेवा. खिडकी पाडलेले हाड भरावे का लागते, ते तुम्हाला आकड्यांत दिसेल.

२. रेडिओलहरींच्या सुईचे उघडे टोक ५ मिलिमीटर लांब व १ मिलिमीटर व्यासाचे आहे. मांडीवरील पट्टीचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे. दोन्हींतून प्रवाह तेवढाच वाहतो. टोकाजवळ दर घन मिलिमीटरला निर्माण होणारी उष्णता पट्टीजवळच्या उष्णतेच्या किती पट असेल? टोकाच्या दंडगोलाचे वक्रपृष्ठ काढा, प्रवाहाच्या घनतांचे गुणोत्तर काढा आणि त्याचा वर्ग करा. उत्तर सुमारे चार लाख पट येईल. एकाच प्रवाहाने सुईच्या टोकाशी गाठ जळते आणि पट्टीखालची कातडी जेमतेम कोमट होते, ती यामुळेच.